संस्थापक गेला, त्याने लावलेली शिस्त गेली का?

मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आम्ही मूळचे वसईचे. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून इथे राहतो. आमचा एकुलता एक मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला. त्याची शाळा 'लीजनरीज ऑफ ख्राईस्ट' या फादरांच्या संघाची आहे. शाळा उत्तम, शिस्त उत्तम, फादरही प्रेमळ. आता तो म्हणतो, मला याच संघात फादर व्हायचंय. यजमानांनी या संघाचा संस्थापक मार्सियाल मासिएल याच्याबद्दल वाचलं आणि घरात रोज भांडणं सुरू झाली. ते म्हणतात, त्या माणसाच्या घरात माझा मुलगा पाऊल टाकणार नाही. मुलगा म्हणतो, ते सगळं जुनं झालं. झाड फळांवरून ओळखावं असं बायबलच सांगतं, आणि फळं तर तुम्ही रोज बघता. तिकडे वसईला सासूबाईंना नातू फादर होणार म्हणून आनंद मावत नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्र रात्र झोप लागत नाही. इतक्या वाईट माणसाच्या हातून इतकं चांगलं काम उभं कसं राहिलं? आणि मी मुलाला अडवू की जाऊ देऊ? — एक आई"

प्रिय ताई,

तुमच्या घरातलं भांडण ज्या माणसावरून चाललंय तो २००८ सालीच वारला. तो लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस होता, याबद्दल आता वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, ते जाहीर केलंय, आणि त्याच्या स्वतःच्या संघानेही छापून कबूल केलंय. यजमानांचा संताप रास्त आहे, मुलाची ओढही खरी असेल. पण दोघंही मासिएलबद्दल बोलताहेत आणि त्याने त्या संघात रुजवलेल्या सवयींबद्दल कोणीच बोलत नाही. तुमच्या मुलाचं उद्याचं आयुष्य त्या सवयींवर ठरणार आहे. त्या गेल्या असतील तर विचार करता येईल. गेल्या नसतील तर शाळा कितीही सुंदर असो, तिथे मुलाला पाठवू नये.

आधी थोडा इतिहास सांगते. हे सदर वाचणाऱ्या अनेकांनी मासिएलचं नाव ऐकलेलं नसेल. आणि तुम्हीही मुलाशी बोलायला बसाल तेव्हा ऐकीव गोष्टींपेक्षा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

मार्सियाल मासिएल १९२० साली मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या कोतिहा या गावी जन्मला. त्याच्या लहानपणी मेक्सिकोत सरकार आणि ख्रिस्तसभा यांच्यात रक्तरंजित झगडा चालू होता. १९२६ ते १९२९ या काळातलं क्रिस्तेरो युद्ध ते हेच. श्रद्धेसाठी जीव देणारी माणसं त्या मुलखाने पाहिली होती. त्याच्या आईच्या घराण्यातले एक बिशप, राफाएल गिझार, पुढे संत म्हणून जाहीर झाले. अशा घरातला हा मुलगा दोन सेमिनऱ्यांमधून, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयांतून, बाहेर काढला गेला. तरीही जानेवारी १९४१ मध्ये, वयाची एकवीस वर्षंही पुरी नसताना, त्याने मेक्सिको सिटीत लहान मुलांचा एक गट जमवून आपला संघ सुरू केला. गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, त्याला मिळाली ती त्यानंतर, १९४४ साली. पुढे १९४६ मध्ये तो काही मुलांना घेऊन स्पेनमध्ये कोमिलासला गेला. घरापासून समुद्रापार, अकरा-बारा वर्षांची मुलं, आणि त्यांचं सर्वस्व म्हणजे हा एक माणूस. मुलं त्याला 'आमचा बाप' म्हणत.

त्या मुलांपैकी काहींनी म्हातारपणाकडे झुकल्यावर जे सांगितलं ते मी इथे थोडक्यातच लिहिते. मासिएल आजारी असल्याचं सांगून मुलांना खोलीत बोलावत असे. या दुखण्यावर अशा प्रकारे आराम मिळवायची परवानगी आपल्याला खुद्द पोपनी दिलीय, असं सांगत असे. आणि नंतर मुलगा घाबरून रडायला लागला की तोच त्याचं पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन, ऐकून तोच त्याला क्षमा देत असे. तुम्ही आणि मी कन्फेशनच्या त्या जागेला काय मानतो ते वेगळं सांगायला नको. ज्याने पाप केलं त्यानेच ज्याच्यावर ते केलं त्याला 'पापमुक्त' करायचं. धर्मसभेच्या कायद्यात हा अत्यंत गंभीर गुन्हा आहे, आणि पुढे १९९८ मध्ये पीडितांनी रोममध्ये जी तक्रार दाखल केली ती याच कलमाखाली.

मासिएल पकडला जाण्याच्या अगदी जवळ आला होता तो १९५६ साली. डोलांटिन या अफूच्या जातीच्या इंजेक्शनाचं त्याला व्यसन होतं. रोमने त्याला पदावरून दूर केलं, चौकशी नेमली, मुलांना एकेकटं बोलावून विचारलं. मुलं खोटं बोलली. बापाला वाचवायचं म्हणून बोलली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९५९ च्या सुरुवातीला तो पुन्हा पदावर आला आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं त्याला कोणी हात लावू शकलं नाही.

त्या चाळीस वर्षांत जे उभं राहिलं ते तुम्ही रोज बघता. शाळा, मेक्सिकोतलं आनाहुआक विद्यापीठ, रोममधलं विद्यापीठ, रेग्नुम क्रिस्ती ही प्रापंचिकांची चळवळ. बाकीच्या जगात सेमिनऱ्या ओस पडत होत्या तेव्हा यांच्याकडे तरुणांची रीघ होती. श्रीमंत घराण्यांचा पैसा होता. पोप जॉन पॉल दुसरे १९७९ मध्ये पहिल्यांदा मेक्सिकोला आले तेव्हा मासिएल त्यांच्यासोबत होता. डिसेंबर १९९४ मध्ये त्याच्या गुरुदीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून पोपचं अभिनंदनाचं पत्र मेक्सिकोच्या वर्तमानपत्रांत छापलं गेलं आणि त्यात त्याला तरुणांचा प्रभावी मार्गदर्शक म्हटलं होतं.

ताई, त्या छापील पत्राने काही माणसांच्या काळजाला घर पडलं. ती आता पन्नाशी-साठीची होती: प्राध्यापक, वकील, एक धर्मगुरू. त्यांच्यापैकी हुआन वाका यांनी तर १९७६ आणि १९७८ मध्येच अमेरिकेतल्या आपल्या बिशपांमार्फत रोमला सगळं लिहून कळवलं होतं. उत्तर आलं नव्हतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'हार्टफर्ड कुरंट' या वर्तमानपत्राने नऊ जणांची कहाणी नावानिशी छापली. त्यातले एक, आनाहुआक विद्यापीठाचे माजी प्रमुख हुआन मानुएल फर्नांदेझ अमेनाबार, तोवर वारले होते. त्यांचं अखेरचं सांगणं ऐकलेले मेक्सिकोतले फादर आल्बेर्तो अथिए यांनी १९९९ मध्ये एका बिशपांच्या हाती रोमला पत्र पाठवलं. परत आलेला निरोप अथिए सांगतात तो असा: हा माणूस पोपच्या जवळचा आहे, त्याने ख्रिस्तसभेचं पुष्कळ भलं केलंय, तेव्हा आता हे उकरणं शहाणपणाचं नाही.

हा निरोप पुन्हा एकदा वाचा. 'पुष्कळ भलं केलंय.' तुमचा मुलगा जे म्हणतो आहे तेच हे. फळं बघा. मासिएलला अर्धं शतक ज्या एका युक्तिवादाने वाचवलं तो हाच, आणि मुलाने तो चांगल्या मनाने उचललाय म्हणून तो कमी धोक्याचा होत नाही. त्याला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडून द्या आणि फळांच्या ओळीच्या आधीची ओळ वाचायला सांगा. मेंढराच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांपासून जपा, असं प्रभू आधी सांगतो आणि मग त्यांना ओळखायची खूण म्हणून फळांकडे बोट दाखवतो. त्या ओळीने सावध व्हायचं असतं. तिथे आपण तिचा उपयोग सावधपणा सोडून द्यायला करतो. शिवाय फळं मोजायची तर सगळी मोजायला हवीत. इमारती आणि गुरुदीक्षा मोजायच्या आणि ती मुलं गाळायची, हा हिशेब खरा नव्हे.

पुढचं झटपट सांगते. डिसेंबर २००४ मध्ये कार्डिनल रात्झिंगर यांच्या व्हॅटिकनमधल्या श्रद्धाविषयक कार्यालयाने प्रकरण पुन्हा उघडलं. त्या कार्यालयातले मोन्सिन्योर चार्ल्स शिक्लुना एप्रिल २००५ मध्ये, पोप जॉन पॉल यांच्या निधनाच्याच दिवसांत, न्यूयॉर्क आणि मेक्सिकोत जाऊन पीडितांना भेटले. रात्झिंगर पोप बेनेडिक्ट झाले आणि १९ मे २००६ रोजी रोमने जाहीर केलं की मासिएलने सगळी जाहीर सेवा सोडून प्रार्थना आणि प्रायश्चित्तात राहावं. वय आणि प्रकृती पाहून खटला मात्र चालवला नाही. हे मला आजही खटकतं. पीडितांना निकालपत्र मिळालं नाही, माफीही त्या दिवशी मिळाली नाही. आणि संघाने त्यावर काय म्हणावं? आमच्या संस्थापकाने येशूप्रमाणे स्वतःचा बचाव न करण्याचं ठरवलंय. त्या नऊंपैकी जे हयात होते त्यांनी हे वाचलं असेल तेव्हा त्यांना काय झालं असेल याची कल्पना करा.

३० जानेवारी २००८ रोजी तो अमेरिकेत, फ्लोरिडात वारला. २००९ च्या फेब्रुवारीत त्याला एक मुलगी असल्याचं संघाने मान्य केलं. मग कळलं की मेक्सिकोत खोटं नाव घेऊन त्याने दुसऱ्या एका बाईबरोबरही संसार केला होता. तिच्या मुलांनी, बापाने आमच्यावरही अत्याचार केले, असं जाहीरपणे सांगितलं. त्याच्या नावाने संघात वाचलं जाणारं एक प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा बहुतांशी दुसऱ्याचं लिखाण उचलून केलेलं निघालं. पाच बिशपांनी जगभर फिरून संघाची तपासणी केली आणि १ मे २०१० रोजी रोमने त्याच्या वर्तनाला खरेखुरे गुन्हे म्हटलं, त्याच्या जगण्यात विवेकाला किंवा खऱ्या धर्मभावनेला थारा नव्हता असं म्हटलं. जिवंतपणी ज्याला संत म्हणून गौरवत होते त्याच्याबद्दल रोमने असं लिहावं, हे ख्रिस्तसभेच्या इतिहासात फार क्वचित घडलंय.

आता तुमचा प्रश्न: अशा माणसाच्या हातून इतकं चांगलं उभं कसं राहिलं?

माझं प्रामाणिक मत सांगते. ते त्याच्या हातून उभं राहिलंच नाही. ते उभं राहिलं त्या आईबापांच्या विश्वासावर, ज्यांनी आपली मुलं देवाला दिली. पहाटे उठून शिकवायला जाणाऱ्या ब्रदरांच्या आणि शिक्षिकांच्या कष्टांवर. क्रिस्तेरोंच्या रक्ताने भिजलेल्या मुलखातल्या भाविकांच्या देणग्यांवर. मासिएलला माणसांच्या श्रद्धेचा वास बरोबर यायचा आणि ती आपल्याकडे कशी वळवायची हे कळायचं. तुमच्या मुलाला भेटलेले फादर चांगले असतील तर तो चांगुलपणा त्यांनी स्वतः कमावलेला आहे आणि तो मासिएलच्या खात्यावर मांडायचं काही कारण नाही. त्याचप्रमाणे त्यांनी दिलेले संस्कार, त्यांची मिस्सा, यांना मासिएलमुळे बाधा येत नाही. संत ऑगस्टीनच्या काळापासून ख्रिस्तसभा हेच शिकवत आलीय की संस्काराची कृपा देणाऱ्याच्या पुण्यावर अवलंबून नसते. तेवढ्यापुरता तुमचा मुलगा बरोबर आहे.

पण संघ म्हणजे फक्त माणसं नव्हेत. संघ म्हणजे रोजची दिनचर्या, कोणाशी काय बोलायचं आणि काय नाही याचे नियम, वरिष्ठांपुढे मान किती वाकवायची याची सवय. आणि हे सगळं मासिएलने स्वतः बसवलं होतं, स्वतःच्या सोयीसाठी.

त्या संघात दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज एक खाजगी व्रत घ्यावं लागे: वरिष्ठावर कधीही टीका करणार नाही, आणि कोणी केली तर ती वर कळवीन. देवासमोर घेतलेली शपथ. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याने तोंड उघडणं म्हणजे शपथ मोडणं, आणि त्याच्या मित्राने ते ऐकून गप्प राहणं म्हणजेसुद्धा शपथ मोडणं. बाहेर पडलेल्या अनेकांनी सांगितलंय की पत्रं उघडून वाचली जात, घरी जाणं क्वचित होई, आणि मनातलं सगळं ज्याच्यापुढे उघडं करायचं तोच वरिष्ठ असे. २०१० च्या त्या निवेदनात रोमने लिहिलं की संघातल्या संबंधांची रचनाच अशी होती की मासिएलला कोणी गाठू शकत नव्हतं, आणि शंका घेणाऱ्याला बदनाम करून दूर लोटलं जाई. हे मला त्याच्या वैयक्तिक पापांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पापी माणूस मरतो. रचना मागे उरते, आणि तिच्यात दुसरा कोणी येऊन बसू शकतो.

आणि बसले. संघाने स्वतः डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १९४१ पासून संघाच्या ३३ फादरांनी १७५ अल्पवयीन मुलांवर अत्याचार केले, त्यातली किमान ६० मुलं एकट्या मासिएलची शिकार. बहुतेक मुलगे, अकरा ते सोळा वर्षांचे. पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्यांकडे गेलं. त्या ३३ पैकी १४ जण स्वतः लहानपणी याच संघात अत्याचाराला बळी पडले होते. आणि १७५ पैकी १११ मुलं अशी की त्यांच्यावर अत्याचार करणारा एकतर मासिएल होता, किंवा मासिएलचा बळी, किंवा त्या बळीचा बळी. तीन पिढ्यांची साखळी. कान्कूनच्या कुंब्रेस शाळेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलींवर अत्याचार करणारा फादर फर्नांदो मार्तिनेझ सुआरेझ हा त्या साखळीतलाच. त्यातल्या एका मुलीने, आना लुसिया सालाझार यांनी, मोठेपणी २०१९ मध्ये जाहीरपणे बोलायचं धाडस केलं तेव्हा कुठे त्याचं धर्मगुरूपद गेलं. तेव्हाच्या वरिष्ठांना कळलं होतं. त्यांनी त्याला नुसतं दुसरीकडे हलवलं होतं. 'ते सगळं जुनं झालं' असं मुलगा म्हणतो त्याला हे एक प्रकरण उत्तर म्हणून पुरे आहे.

बदल झालेच नाहीत असंही मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. टीका न करण्याचं ते व्रत पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये रद्द करवलं. २०१० च्या अखेरीस संघाने मासिएलचे फोटो भिंतीवरून उतरवले, त्याचे वाढदिवस साजरे करणं थांबवलं. कार्डिनल दे पाओलिस यांना रोमने संघावर देखरेखीसाठी नेमलं आणि २०१४ मध्ये नवे नियम मंजूर झाले. संघाने माफी मागितली. २०१९ चा अहवाल छापणं हेही साधं नाही. अनेक धर्मप्रांतांनी एवढंही केलेलं नाही. मात्र तो अहवाल संघाच्याच माणसांनी केला, बाहेरच्यांनी नव्हे, हा पीडितांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

मग तुम्ही काय करायचं?

सर्वांत आधी, या सगळ्या वादापासून बाजूला, मुलाला एक प्रश्न विचारा. शांतपणे, एकटा असताना, शक्यतो चालताना किंवा गाडीत, समोरासमोर बसवून नव्हे. शाळेत किंवा शिबिरात त्याला स्वतःला कोणी कधी अवघडल्यासारखं वाटेल असं वागवलंय का? उत्तर नाही आलं तर विश्वास ठेवा आणि खोदू नका. फक्त एवढं सांगा की हा प्रश्न आपल्या घरात कधीही, कितीही वर्षांनी बोलता येईल. होय आलं, तर बाकी सगळं थांबवा, शाळेच्या आत न सोडवता आधी बाहेरच्या तज्ज्ञाकडे आणि पोलिसांकडे जा, आणि मला पुन्हा लिहा.

दुसरं, एक वर्ष मागा. नकार देऊ नका, अडवू नका. अठराच्या मुलाला अडवलं की तो आईबापांना सोडून देवाकडे चाललोय अशा समजुतीत जातो, आणि मासिएलच्या काळात मुलांना नेमकं हेच शिकवलं जायचं. त्याला सांगा की पाचारण खरं असेल तर ते वर्षभराने मावळत नाही. या वर्षात त्याने कॉलेजात जावं, आणि दुसरेही संघ बघावेत. येशूसंघी, फ्रान्सिस्कन, मॉन्तेरेच्या धर्मप्रांताची सेमिनरी. सुटीत वसईला आला तर इथल्या फादरांबरोबर काही दिवस राहावं. त्याच्या मार्गदर्शक फादरांना हे वर्षभर थांबणं कसं वाटतं, याकडे बारीक लक्ष ठेवा. चांगला मार्गदर्शक म्हणेल, जरूर थांब. 'उशीर केलास तर कृपा निघून जाईल' असं कोणी म्हटलं, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं असं समजा.

तिसरं, यजमान आणि तुम्ही दोघांनी मिळून त्या संघाच्या प्रवेशप्रमुखांना भेटा. मुलाच्या समोरच. रागाने नव्हे, माहिती घ्यायला. धर्मसभेचा १९८३ चा कायदा तुमच्या बाजूने आहे आणि बहुतेक आईबापांना तो माहीतच नसतो. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ, किमान बारा महिन्यांचं असतं आणि त्या काळात नवशिक्या कधीही मोकळेपणाने निघून जाऊ शकतो. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षांची. एकविसाव्या वर्षाआधी कायमची व्रतं घेताच येत नाहीत. आणि ६३० वं कलम मुद्दाम वाचा: वरिष्ठाने कोणालाही आपल्याजवळ अंतःकरण उघडं करायला भाग पाडू नये, आणि हाताखालच्यांनी आपणहून मागितल्याशिवाय त्यांचं पापनिवेदन ऐकू नये. तेव्हा विचारा: आमचा मुलगा कन्फेशनला बाहेरच्या फादरांकडे जाऊ शकेल का? आध्यात्मिक मार्गदर्शक स्वतः निवडेल का? त्याचा फोन, त्याची पत्रं कोण बघतं? घरी कधी येईल? निघून गेलेल्यांशी तुमचे संबंध कसे आहेत, आणि अशा एकदोघांशी आम्हाला बोलता येईल का? तक्रार आली तर संघाबाहेर ती कोणाकडे जाते? २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशानुसार धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना अशा गोष्टी कळल्या तर बिशपांना कळवणं बंधनकारक आहे. ते कसं पाळता ते सांगा म्हणावं.

उत्तरांइतकंच उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. मासिएलचं नाव तुम्ही काढलंत तर ते स्वतःहून बोलतात की विषय बदलतात? पीडितांना नावाने ओळखतात का? 'आमच्यावर फार मोठा क्रूस आला' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'आमच्या माणसाने मुलांचं वाटोळं केलं' असं म्हणणाऱ्या फादरांवर माझा विश्वास लवकर बसेल.

चौथं मुलासाठी. त्याने हुआन वाका आणि त्या नऊ जणांतलेच होसे बार्बा यांच्यासारख्या पीडितांचं म्हणणं स्वतः वाचावं. स्पॅनिश आता त्याची शाळेची भाषा आहे, सगळं उपलब्ध आहे. ज्याला त्या घरात आयुष्य घालवायचंय त्याने त्या घरातल्या जखमी माणसांना ओळखायलाच हवं. ते वाचूनही त्याला तिथेच जावंसं वाटलं, आणि 'तिथली गप्प राहायची सवय मोडायला मी जातोय' असं त्याला म्हणता आलं, तर त्याला मोठा माणूस समजून जाऊ द्या. वाचायलाच नकार दिला तर तो अजून तयार नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

यजमानांना माझा निरोप द्या की ते चुकीचे नाहीत. पण मुलाच्या तोंडावर 'नराधमाचं घर' म्हणत राहिले तर उद्या आत काही बिनसलं तेव्हा मुलगा घरी फोन करणार नाही. बाप 'मी सांगितलं होतं' म्हणेल या भीतीने तो गप्प बसेल. त्याला उलट हे ऐकू द्या: कधीही परत ये, कोणी काही विचारणार नाही.

आणि वसईच्या सासूबाई. त्यांच्या आनंदावर मासिएलचं सगळं पाप ओतू नका, पण नातवाचा निर्णय पक्का झाल्यासारखं गावभर सांगू नका, अशी विनंती तुम्हीच फोनवर करा. गावाला कळलं की मुलाला परतीची वाट लाजेची वाटते. त्यांना आपल्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट आठवून द्या. वसईचा हा मुलगा येशूसंघीयांजवळ वाढला, त्यांनी त्याला संघात घेतलं नाही, तो व्यापारी झाला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. त्यांच्याबरोबर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर चढलेले फेलिपे दे हेसूस हे मेक्सिको सिटीचे, तुम्ही आता राहता त्या देशाचे पहिले संत. त्यांनी तर तरुणपणी फ्रान्सिस्कनांचं नोव्हिशिएट अर्धवट सोडलं होतं, आणि काही वर्षांनी स्वतःहून पुन्हा व्रत घेतलं. सासूबाईंना सांगा, नातू गेला आणि परत आला तरी दोन्ही देशांच्या संतांच्या पंक्तीत तो बसतोच.

प्रवेशप्रमुखांची भेट ठरली की त्यांची उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवा, तुम्ही तिघांनी वेगवेगळी, आणि मग एकत्र बसून ताडून बघा. त्यात काय निघालं ते मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.